चेहरे कुठे गेले?

गेल्या वर्षीच्या भीमजयंतीला परळच्या आमच्या चाळीसमोर मंडप होता. पुढच्या चार ओळींत आयाबाया पांढऱ्याशुभ्र साड्या नेसून बसलेल्या. बोराबाजारातून आणलेला जुना डिजिटल कॅमेरा आम्ही 'ऑटो'वर ठेवला आणि धडाधड फोटो काढले. प्रती हातात आल्यावर एक आजी म्हणाल्या, "आरं लेका, समदी लुगडीच दिसत्यात, आमी कुटं हाय?" आम्ही हसण्यावारी नेले.

दोन महिन्यांनी आजी गेल्या. पुण्यानुमोदनासाठी त्यांचा मुलगा फोटो मागायला आला. अलीकडचा तेवढाच फोटो, आणि त्यात चेहऱ्याच्या जागी काळा डाग. स्टुडिओत उजळून पाहिला तर नुसते दाणे उठले. "असू द्या, साहेब," म्हणून तो निघून गेला. ते आम्हाला फार लागले.

मग बटण 'एम'वर नेले आणि वही घेतली. आम्ही पडलो बी. कॉम.; आकडा मोठा तर रक्कम मोठी, हे हाडात भिनलेले. इथे सारेच उलटे! एफ १६ ला भिंगातले छिद्र बारीक, एफ २ ला मोठे. हे छेदातले आकडे आहेत हे कळल्यावर कोडे सुटले. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ : दर पायरीला प्रकाश निम्मा. चाळकऱ्यांना नळाच्या भाषेत सांगतो. चावी किती उघडली ते छिद्र, किती वेळ चालू ठेवली ते शटर. आयएसओ वाढवणे म्हणजे बादली लहान घेणे. लवकर भरते, पण फोटोत दाणे येतात.

रविवारी मुलीला घेऊन लालबागला डॉ. आंबेडकर रोडच्या फूटपाथवर उभे राहिलो. शटर ३० वर, म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग, ठेवले तर बेस्टची बस लाल पट्टा होऊन गेली. ५०० वर तिचा नंबर वाचता आला. मुलगी म्हणाली, "पप्पा, पट्टाच छान दिसतो." असेलही. रोल ३६ फोटोंचा असे, तेव्हा असले खेळ खिशाला परवडत नसत.

पण आमचे दुखणे वेगळे होते. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे जग मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. पांढऱ्या साड्यांची रांग दिसली की त्याला वाटते उजेड फार झाला. तो प्रकाश कापतो. साड्या करड्या होतात आणि सावळे चेहरे अंधारात जातात. गोष्ट जुनीच आहे. कोडॅक कंपनी छपाईचे रंग जुळवायला लॅबना नमुन्याचे 'शर्ली कार्ड' पाठवी, त्यावर अनेक वर्षे गोरीच बाई असे. आमच्या रंगाचा हिशेब त्यात धरलेलाच नव्हता.

उपाय साधा निघाला. त्याच उजेडात आपला तळहात धरायचा, त्यावर माप घ्यायचे आणि एक पायरी जास्त प्रकाश द्यायचा. साड्यांची नक्षी थोडी पुसली तरी चालेल. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर संध्याकाळी फ्लॅश बंद ठेवून मेणबत्त्यांच्या उजेडातही तसेच केले : आयएसओ १६००, छिद्र २.८, शटर ६०. निम्मे फोटो हलले, निम्मे साधले.

मुंबईच्या सफाई कामगारांची सुधारक ओलवे यांनी काढलेली कृष्णधवल छायाचित्रे जमल्यास अवश्य पाहावीत. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. काळोखात काम करणाऱ्या माणसाचा चेहरा कसा धरावा हे त्यात दिसते. आम्ही ती अजून उलटसुलट करून पाहतो आहोत.

यंदाच्या जयंतीला त्याच मंडपात पुन्हा फोटो काढले. आजींच्या सूनबाई प्रत हातात घेऊन एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत नावे सांगत गेल्या. एकही नाव सुटले नाही. कोपऱ्यातल्या एका ताईंचे हात मात्र पुसट आलेत. त्या टाळ्या वाजवत होत्या आणि आमचे शटर ६० वरच राहिले होते.