रुमाल टाकलेल्या जागा

एसटी स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरणारे आठवतात? त्यांना शिव्या घालतच मी मोठा झालो. म्हातारी बाई उभी, आणि सीटवर कुणाचा तरी चौकड्यांचा रुमाल बसलेला! पण त्या रुमालवाल्याच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. तो मागाहून येऊन बसायचा तरी. कॅलिफोर्नियात आल्यावर आम्ही त्याच्याही पुढे गेलो. आम्ही रुमाल टाकतो आणि गाडीत चढतच नाही.

सांगतो काय ते. इथल्या बहुतेक स्टेट पार्कांत तंबू ठोकायची जागा सहा महिने आधी बुक करता येते. सकाळी आठला वेबसाईटवर तारीख उघडते आणि रेडवूडखालच्या, समुद्राकाठच्या जागा काही मिनिटांत संपतात. राज्यात सुमारे 280 पार्कं, त्यांत मिळून सुमारे 15 हजार कॅम्पसाईट्स, आणि लोकसंख्या 3 कोटी 90 लाखांच्या आसपास. करा हिशेब. एका जागेमागे 2600 माणसं! त्यात 1902 सालापासूनचं, राज्यातलं सगळ्यात जुनं बिग बेसिन पार्क ऑगस्ट 2020 च्या आगीत होरपळलं. तिथल्या जागाही गेल्या.

आमचा सहा कुटुंबांचा ग्रुप. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरातल्या एका सकाळी सहा लॅपटॉप उघडून बसलो आणि फायफर बिग सर स्टेट पार्कात मे अखेरच्या लाँग वीकेंडच्या सहा जागा पटकावल्या. सातवी मी बायकोच्या नावावर घेतली, मेहुणा आलाच तर असावी म्हणून. "आत्ता घेऊन ठेवू, मग बघू!"

मे उजाडला. एकाच्या मुलाची सॉकर टूर्नामेंट निघाली, एकाकडे भारतातून आई-बाबा आले, एकाला म्हणे रात्री फार थंडी असते. मेहुणा येणार नव्हताच. गेलो तीन कुटुंबं. उरलेल्या चार जागा कुणीही रद्द केल्या नाहीत. मीसुद्धा नाही.

शनिवारी संध्याकाळी लाकडं घ्यायला मी गेटजवळच्या केबिनवर गेलो. पुढे एक जुनी गाडी, टपावर गादी बांधलेली, आत बाप आणि दोन पोरं. काही रद्द झालंय का, त्यानं विचारलं. नाही, फुल आहे. मागच्या सीटवरच्या मुलीनं काहीतरी विचारलं, त्यानं हळू आवाजात उत्तर दिलं आणि गाडी वळवली.

मला एवढंच म्हणायचं होतं, की आमची एक जागा रिकामी आहे, ती यांना द्या. मी लाकडांचे पैसे दिले आणि परत आलो. आमच्या पोरांनी तोवर त्याच रिकाम्या जागेवर क्रिकेट मांडलं होतं. खरं सांगू? मोकळी जागा मिळाली म्हणून मला बरंच वाटलं होतं.

हे ग्रुपमध्ये बोललो तेव्हा उत्तर ठरलेलं. "पैसे भरलेत ना आपण? नुकसान झालं तर आपलंच." अहो, रात्रीचे पस्तीसेक डॉलर ही काय त्या किनाऱ्यावरच्या जमिनीची किंमत आहे? तेवढ्यात तिथे मॉटेलचं दारसुद्धा उघडत नाही. जमीन सगळ्यांची आहे म्हणून भाडं एवढं कमी आहे. त्या पैशात आपल्याला तिथे झोपायचा हक्क मिळतो. दुसऱ्याला झोपू न देण्याचा नाही.

दुसरं उत्तर, "दोष सिस्टिमचा आहे." हे अर्धं खरं आहे. ज्याला पुढच्या आठवड्याची शिफ्ट माहीत नसते तो सहा महिन्यांनंतरचा शनिवार कुठून ठरवणार? सकाळी आठचा हा खेळ पगारी सुट्ट्यावाल्या आपल्यासारख्यांच्याच सोयीचा. पण मग ज्याला सोय मिळाली, त्याचीच जबाबदारी जास्त नाही का?

2023 मध्ये कॅलिफोर्नियानं यासाठी कायदाही केला. 2024 पासून जागा ऐनवेळी रद्द केली तर पैशांवर पाणी सोडावं लागतं. चांगलंच आहे. पण ज्यांनी पस्तीस डॉलर हसत सोडले, ते सत्तरही सोडतील. दंडानं आमच्यासारखे सुधारतील हे मला काही पटत नाही.

आता मी कॅलेंडरवर बुकिंगच्या तारखेआधी दहा दिवसांची खूण करतो. जायचं नक्की नसेल तर त्या दिवशी जागा सोडायची. मागच्या वर्षी एक सोडली. अर्ध्या तासानं पाहिलं तर गेलेली. कुणी घेतली, माहीत नाही.

असो. उन्हाळ्याची बुकिंगं झाली असतील तुमची. त्यांतले नुसते रुमाल किती, तेवढं एकदा बघा.