भरलेल्या गाडीचे ॲव्हरेज कोण सांगणार?

खानदेशातील लहान-मध्यम कापड व्यापाऱ्यांमध्ये गेल्या पंधरा-वीस वर्षांत स्वतःची पिकअप गाडी ठेवण्याची पद्धत वाढली आहे. पूर्वी सुरतेहून निघालेला माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात येई. बिल्टी घेऊन हमाल पाठवावा लागे आणि ऐन ईद-दिवाळीच्या हंगामात दोन-दोन दिवस पार्सल सुटत नसे. गिऱ्हाईक दुकानात उभे आणि माल गोदामात पडलेला, हा अनुभव जळगावच्या फुले मार्केटपासून धुळ्याच्या बाजारापर्यंत सर्वांनी घेतलेला आहे. म्हणून ज्याची ऐपत झाली त्याने कर्ज काढून पिकअप घेतली. निर्णय योग्यच होता. परंतु गाडी घेताना जो हिशेब मांडला जातो तो सगळा एका आकड्यावर उभा असतो. एक लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर जाणार? आपल्याकडे याला ॲव्हरेज म्हणतात. या ॲव्हरेजविषयीच आज व्यापारी बांधवांशी बोलायचे आहे.

आमच्या पेढीने नवी पिकअप घेतली तेव्हा शोरूममध्ये साडेसोळाचा आकडा सांगण्यात आला. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. पहिली सर्व्हिसिंग झाली, इंजिन मोकळे झाले, त्यानंतर आम्ही धुळ्याला टाकी काठोकाठ भरून गाडी सुरतेला पाठवली. जाताना गाडी रिकामी होती. २३४ किलोमीटरला १७ लिटर लागले, म्हणजे पावणेचौदाचे ॲव्हरेज. येताना चौदा पार्सल, सुमारे चौदाशे किलो माल होता. तेवढ्याच अंतराला २३.७ लिटर लागले. दहासुद्धा पडले नाही. जाऊन-येऊन साडेअकरा. पुढे तीन वेळा हेच मोजले आणि आकडा साडेअकराच्या आसपासच राहिला.

आता याचा पैशात अर्थ काय ते पाहा. महिन्याला साडेतीन हजार किलोमीटर गाडी चालते असे धरले, तर साडेसोळाच्या हिशेबाने २१२ लिटर डिझेल लागायला हवे. साडेअकराच्या हिशेबाने ३०४ लिटर लागते. महिन्याला ९२ लिटरचा फरक पडतो. डिझेल नव्वद रुपये लिटर धरले तर आठ हजार तीनशेच्या आसपास, आणि वर्षाला जवळजवळ एक लाख. ज्याचे दुकान मोठे आहे तो हे सोसतो. परंतु जो माणूस पिकअपमध्ये कापड भरून अमळनेर, चोपडा, यावल, साक्री असे आठवडे बाजार करतो, त्याच्या बँकेच्या हप्त्यातला मोठा हिस्सा या फरकातच निघून जातो. त्याने कर्ज घेताना बँकेलाही साडेसोळाच सांगितलेले असते.

मग कंपन्या खोटे बोलतात काय? असा थेट आरोप करणे इन्साफाचे होणार नाही. जाहिरातीतील आकड्यापुढे एक बारीक फुली असते आणि खाली आणखी बारीक अक्षरांत लिहिलेले असते की हा आकडा केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ११५ खाली चाचणी संस्थेने प्रमाणित केलेला आहे. अशी चाचणी करणाऱ्या संस्थांमध्ये १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची एआरएआय ही संस्था सर्वांच्या परिचयाची आहे. तिथे गाडी रस्त्यावर चालत नाही. चाके रुळांवर ठेवून जागच्या जागी फिरवली जातात. चाचणी सुमारे वीस मिनिटांची, अंतर साडेदहा किलोमीटरच्या वर थोडेसे. थांबणे, निघणे, वेग वाढवणे, सर्व काही ठरलेल्या तक्त्याप्रमाणे. खोलीचे तापमान वीस ते तीस अंशांच्या दरम्यान. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यातली पंचेचाळीस अंशांची दुपार तिथे नाही आणि लळिंगचा घाटही नाही.

पण माझ्या मते खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती शोरूममध्ये कोणी सांगत नाही. या चाचणीत गाडीचे वजन धरताना रिकाम्या गाडीच्या वजनात १५० किलो मिळवतात. दीडशे किलो म्हणजे ड्रायव्हर, क्लीनर आणि एखादे लहान पार्सल! प्रवासी मोटारीला हा हिशेब ठीक आहे, कारण तिच्यात बहुतेक वेळा एक-दोन माणसेच बसतात. पिकअप मात्र माल वाहण्यासाठीच विकली जाते. जाहिरातीत एका बाजूला ‘दीड टन भार’ छापतात आणि दुसऱ्या बाजूला ॲव्हरेज छापतात. वाचणारा दोन्ही आकडे एकत्र वाचतो. वास्तविक दीड टन भरल्यावर ते ॲव्हरेज मिळत नाही आणि ते ॲव्हरेज हवे असेल तर गाडी जवळजवळ रिकामी न्यावी लागेल. रिकामी गाडी फिरवून कोणाचे पोट भरते?

आम्ही कापडाचे लोक आहोत, म्हणून कापडाचाच दाखला देतो. आमच्या मीटरपट्टीवर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. ताग्यावर वीस मीटर लिहिले आणि आत साडेसतरा निघाले, तर गिऱ्हाईक तागा तोंडावर फेकेल आणि खात्याचा निरीक्षक वेगळा येईल. पेट्रोल पंपावर शंका आली तर पाच लिटरच्या मापाने तपासून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. सुती कापड धुतल्यावर आटते हे आम्ही गिऱ्हाइकाला आधी सांगतो, ‘चाचा, पाव मीटर जास्त घ्या’ म्हणतो. ॲव्हरेजही रस्त्यावर आटते. किती आटते, हे विकणाऱ्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असते. त्याने ते सांगायला नको काय?

सुरतेच्या रस्त्याचीच गोष्ट घ्या. सुरत समुद्रसपाटीच्या जवळ आहे आणि धुळे सुमारे अडीचशे मीटर उंचीवर. म्हणजे गाडी रिकामी असते तेव्हा उतार आणि भरलेली असते तेव्हा चढ. त्यात विसरवाडी सोडल्यावर कोंडाईबारीचा घाट लागतो. शिवाय कापडाची पार्सले वजनाच्या मानाने जागा जास्त घेतात. ती केबिनच्या वर रचली जातात, वर ताडपत्री फडफडते आणि गाडी हवेशी झुंजत चालते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साठच्या ऐवजी ऐंशीने गाडी हाकली तर तो पावणेदोन पट होतो. आमच्या गाडीला साठ-पासष्टची मर्यादा घालून दिली आणि ताडपत्री घट्ट बांधली, तर येतानाचे ॲव्हरेज दहाच्या थोडे वर गेले. त्याहून जास्त नाही.

नव्या गाड्यांचा आणखी एक मामला आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ हा प्रदूषणाचा नियम लागू झाला. तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती भरली की इंजिन थोडे जास्त डिझेल खर्च करून गाळणी तापवते आणि काजळी जाळून टाकते. लांबच्या रस्त्यावर हे काम चालता चालता होते. मात्र गाडी दिवसभर फुले मार्केट ते गोदाम आणि गोदाम ते स्टेशन अशी दोन-दोन किलोमीटर फिरत असेल, तर हे जाळणे अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते आणि डिझेल वाया जाते. धूर कमी झाला ही गोष्ट चांगलीच आहे, बाजारात दिवसभर बसणारे आपणच तो धूर गिळत होतो. पण जुन्या गाडीचे ॲव्हरेज मनात ठेवून नव्या गाडीकडून गावातल्या फेऱ्यांत तीच अपेक्षा करू नये, एवढे विक्रेत्याने बोलले पाहिजे.

ते बोलत नाहीत, आणि याची किंमत भलताच माणूस मोजतो. तो म्हणजे ड्रायव्हर. ॲव्हरेज कमी पडले की मालकाच्या मनात पहिली शंका डिझेलचोरीची येते. चोरी होतच नाही असे नाही. परंतु छापील आकडा हाच पुरावा मानून माणसाला चोर ठरवणे हा जुलूम आहे. धुळ्यातील एका व्यापाऱ्याने याच कारणावरून सात वर्षांचा ड्रायव्हर काढला. नवा ठेवला, ॲव्हरेज तेवढेच राहिले. जुना माणूस मात्र बाजारात बदनाम झाला आणि बरेच दिवस घरी बसला. आमच्या घरातही धाकट्या बंधूंनी अशीच कुजबूज सुरू केली होती. ड्रायव्हरच्या कानावर गेले तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘शेठ, डिझेल मी पीत नाही, गाडी पिते.’ मी बंधूंना सांगितले की आधी मोजू, मग बोलू. वर दिलेल्या फेरीत बंधू स्वतः गाडीत बसून गेले. टाकी त्यांच्या समोर भरली गेली, जाताना आणि येताना. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

मोजण्याची पद्धत सोपी आहे. टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटर लिहून ठेवावे, फेरी झाली की त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरावी. काट्यावर वजन करून पावती जपून ठेवावी. गाडीच्या पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यावर हिशेब करू नये. आणि एक गोष्ट आपल्याच बांधवांना स्पष्ट सांगतो. दीड टनाच्या गाडीत सव्वादोन टन भरायचे आणि मग ॲव्हरेजची तक्रार करायची, हे बरोबर नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा दंड लिहिलेला आहे. शिवाय असा माणूस तक्रार घेऊन कुठे गेला तर पहिल्याच प्रश्नात अडकेल.

तक्रार कुठे न्यावी, हाही प्रश्न आहे. केरळमधील त्रिशूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाने २०२३ मध्ये एका महिला ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. मोटारीच्या जाहिरातीत ३२ चे ॲव्हरेज लिहिले होते, आयोगाने तज्ज्ञाकडून गाडी तपासली तेव्हा ते सुमारे चाळीस टक्के कमी निघाले. एकूण तीन लाख दहा हजार रुपये देण्याचा आदेश झाला. अमेरिकेत ह्युंदाई आणि किया यांना फुगवलेल्या आकड्यांबद्दल २०१४ मध्ये दहा कोटी डॉलर दंड मान्य करावा लागला. म्हणजे दाद मिळू शकते.

परंतु व्यापाऱ्याची अडचण निराळी आहे. ग्राहक कायद्यात व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ‘ग्राहक’ मानला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात याची रेषा आखून दिली. पोट भरण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा ग्राहक आहे, मदतीला एक-दोन माणसे घेतली तरी तो ग्राहकच राहतो. पण गाडी पूर्णपणे दुसऱ्याच्या हातून चालवून घेणारा त्यात बसत नाही. २०१९ च्या नव्या कायद्यातही स्वयंरोजगाराची ही सवलत कायम आहे, आणि तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. तेव्हा आठवडे बाजार करणाऱ्या आपल्या भावाला जळगाव किंवा धुळ्यातच दाद मागता येईल. आमच्यासारख्या पेढीला, जिथे ड्रायव्हर पगारी आहे, तो दरवाजा जवळजवळ बंद आहे. दिवाणी दावा करता येतो, पण तो किती वर्षे चालेल याचा विचार करूनच माणूस गप्प बसतो.

म्हणून माझे म्हणणे असे की मालवाहू गाडीच्या जाहिरातीत दोन आकडे छापण्याची सक्ती सरकारने करावी, एक रिकाम्या गाडीचा आणि एक पूर्ण भाराचा. चाचणीची यंत्रे पुण्यात तयार आहेत, फक्त वजन बदलून पुन्हा चालवायचे आहे. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून मोटारीचा आकडा काढताना जास्त वेग, एअर कंडिशनर आणि थंडी यांचाही हिशेब धरू लागले आणि छापील आकडे खाली आले. तेथील कंपन्या त्यामुळे बंद पडल्या नाहीत. आपल्या भागातील व्यापारी संघटना दरसाल करांविषयी निवेदने देतात, त्यांत ही एक मागणी घातली तर बिघडत नाही.

सध्या शोरूममध्ये गर्दी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि गाड्या स्वस्त झाल्या. डिझेल मात्र जीएसटीच्या बाहेरच आहे, त्यावरचा कर आपल्याला परत मिळत नाही. गाडीवर जे एकदा वाचले ते डिझेलमध्ये दर महिन्याला जाऊ शकते. ज्यांना गाडी घ्यायची आहे त्यांनी बुकिंगचे पैसे देण्यापूर्वी पूर्ण भार घालून शंभर किलोमीटरची चाचणी मागावी आणि सांगितलेले ॲव्हरेज डीलरच्या कागदावर सहीने लिहून घ्यावे. माझ्या ओळखीच्या दोघांनी अशी मागणी केली. एकाला पोत्यांत वाळू भरून पारोळ्यापर्यंत गाडी चालवून दाखवली गेली. त्याने बाराचा हिशेब धरून कर्ज घेतले. दुसऱ्याला ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ असे उत्तर मिळाले, आणि तो अजून जुन्याच गाडीवर आहे.