सेन्सर बदलण्याआधी रॉड पाहा



श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन कावडी निघतात आणि अकोल्याच्या जुन्या शहरात राजराजेश्वराला येतात. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ही कावड खांद्यावर घेतली असेल. एका बाजूला भार झाला की खांद्याला लगेच कळते आणि पाय आपोआप सावरतात. आजकालच्या काही मोटारींतही असाच भार ओळखणारा एक भाग असतो. त्याला लेव्हल सेन्सर म्हणतात. जुन्या वापरलेल्या मोठ्या गाड्या आता आपल्या खेड्यांतही दारापुढे उभ्या दिसतात, म्हणून आज त्याच्याविषयी दोन शब्द.

माझ्या एका शेतकरी स्नेह्याने अशी गाडी घेतली. तुरीच्या हंगामात एका रात्री लग्नाहून परतताना दिव्यांचा उजेड पुढे पडेना, चाकांपुढची थोडीशी जमीन तेवढी दिसे. घड्याळाच्या फळीवर दिव्याची पिवळी खूण लागली होती. वहिनी म्हणाल्या, "हळू घ्या बरं, पुढचं काही दिसत नाही." त्यांनी वेग कमी केला म्हणून बरे, पुढच्या वळणावर कापसाची बैलगाडी होती, मागे ना कंदील ना लाल काच. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात यंत्र लावून पाहिले. "मागचा सेन्सर गेला, नवा टाका," असे उत्तर मिळाले. किंमत ऐकून स्नेही जुन्या शहरातल्या आपल्या नेहमीच्या मिस्त्रीकडे गेले.

मिस्त्री आधी गाडीखाली गेले. मागच्या चाकाच्या आत बोटभर जाडीचा एक रॉड चिखलाच्या गोळ्यात लोंबत होता. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, सेन्सरले कायले दोष देता? त्याले जे सांगतलं, तेच तो पुढं सांगते."

हे कसे ते पाहा. सेन्सरची डबी गाडीच्या सांगाड्यावर बसवलेली असते. तिला एक लहान हात असतो आणि तो हात या रॉडने चाकाकडच्या भागाला जोडलेला असतो. मागे ओझे भरले की सांगाडा खाली बसतो, हात फिरतो आणि डबीतून निघणारा विजेचा दाब बदलतो. त्यावरून गाडी दिव्यांचा रोख खाली घेते, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जात नाही. महागड्या गाड्यांत आणि लांब पल्ल्याच्या काही बसगाड्यांत स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे असतात. तिथे याच माहितीवर फुग्यांतली हवा कमीजास्त होते. कल्पना नवी नाही. 1955 साली फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने डी. एस. ही गाडी आणली. ओझे कितीही असो, ती आपली उंची एकसारखी राखी. आणि तिच्यातही उंचीची खबर एक सळईच पोहोचवत असे.

आता दोष शोधण्याचा क्रम सांगतो. तो चुकवू नका.

पहिली गोष्ट, गाडी सपाट जागी रिकामी उभी करा. चारही चाकांची हवा सारखी करा. मग प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजा. डाव्या-उजव्या बाजूत ठळक फरक निघाला, तर आधी स्प्रिंग तपासा. खचलेल्या स्प्रिंगची खरी खबर देणारा सेन्सर बदलून काय साधणार?

दुसरी, रॉड पाहा. वाकला आहे का, त्याच्या टोकाची गोळी निसटली आहे का, गंजून अडकली आहे का? आपली काळी माती पांदणीत चाकाला धरते आणि वाळली की दगडासारखी होते. तिच्या ओढीने रॉड सुटू शकतो. वाकलेला रॉड अधिक फसवा. त्यात सेन्सर चांगला असतो, खूणही लागत नाही, पण उंची चुकीची कळते आणि दिवे भलतीकडे रोखले जातात.

तिसरी, वायर आणि कपलर पाहा. कपलरमध्ये पाणी शिरले की पितळेवर हिरवा कळंक चढतो. गाडी कडब्याजवळ उभी राहत असेल तर उंदरांनी वायर कुरतडली आहे का, तेही बघा. गाडी धुताना पाण्याची जोरदार धार तिथे मारू नका.

चौथी, मीटर लावा. बहुतेक सेन्सरना तीन वायरी असतात: एकीवर 5 व्होल्ट येतात, दुसरी अर्थची, तिसरीवरून खबर जाते. चावी चालू, इंजिन बंद ठेवून मोजा. 5 व्होल्ट येतच नसतील तर दोष सेन्सरच्या आधी, म्हणजे वायरीत किंवा कंट्रोल पेटीत आहे. येत असतील तर रॉड सोडवून सेन्सरचा हात हळूहळू फिरवा. साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टच्या दरम्यान आकडा सावकाश चढला-उतरला पाहिजे. तो मध्येच उडी मारत असेल किंवा हललाच नाही, तर सेन्सर खराब म्हणा. काही सेन्सर निराळ्या पद्धतीचे असतात. तिथे स्कॅनरवर आकडे बघावे लागतात. स्कॅनरचा कोड बहुतेक वेळा दोष कोणत्या सर्किटमध्ये आहे एवढेच सांगतो. कोणता भाग गेला, हे माणसानेच शोधायचे असते.

पाचवी, रॉड किंवा सेन्सर बदलल्यावर गाडी सपाट जागी रिकामी ठेवून स्कॅनरने उंचीची नोंद नव्याने करून घ्या. नाहीतर नवा भागही चुकीचीच खबर देत राहील. आमच्या स्नेह्यांच्या गाडीला रॉड नवा बसला, नोंद नव्याने झाली, सेन्सर जुनाच राहिला आणि दिवे जागेवर आले.

एक ताकीद. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. चाकांना दगड लावा, सांगाड्याखाली लोखंडी घोडी ठेवा. हवेच्या फुग्यांची गाडी तर रॉड हलवताच एकाएकी खाली बसू शकते. तिला घरी हात लावू नका.

आता पिकअपवाल्यांसाठी. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अॅक्सलजवळ अशीच कांडी असलेला एक व्हॉल्व असतो. सांगाडा वर असला की गाडी रिकामी समजून तो मागचे ब्रेक हलके ठेवतो. ओझ्याने सांगाडा खाली आला की जोर वाढवतो. आपण जास्त पोती भरता यावीत म्हणून स्प्रिंगला जादा पाटा घालून घेतो. मग भरलेली गाडीही खाली बसत नाही, व्हॉल्व तिला रिकामीच समजतो आणि भरल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. काही जण कांडी तारेने बांधून टाकतात. तशी बांधली की रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर मागून घसरू शकते. म्हणून जादा पाटा घालूच नका, आणि घातला असेल तर जाणत्या मिस्त्रीला तो व्हॉल्व दाखवल्यावाचून माल भरू नका. घरची माणसेही त्याच गाडीतून बाजाराला जातात.

या रविवारी एवढे करा. गाडी रिकामी असताना चारही चाकांची उंची मोजा आणि घरातल्या शाळकरी मुला-मुलीकडून ती तारखेसह वहीत लिहून घ्या. पुढे केव्हा दिवे किंवा गाडी तिरकी वाटली, तर ती वही घेऊनच मिस्त्रीकडे जा. गाडी नीट असताना तिची उंची किती होती, हे त्याला तेवढ्यावरूनच कळेल.