कोणता रकाना काढायचा, हे मुनीमजींना विचारा

आडत दुकानाच्या टॅलीत सगळ्यात मोलाची जागा कोणती? रक्कम नव्हे, पावती क्रमांकही नव्हे. नोंदीच्या तळाशी 'नॅरेशन' नावाची मोकळी ओळ असते, ती. लातूरच्या मार्केट यार्डात दुकानांचे हिशोब संगणकावर जुळवून देणं हा माझा धंदा. त्या एका ओळीत मुनीमजी काय काय कोंबतात ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. कट्टे किती, ओलावा किती, गाडी कुणाची, माल स्वच्छ की काडीकचऱ्याचा, पैसे शेतकऱ्याच्या खात्यावर की थोरल्या भावाच्या.

एका शेठची यार्डात, औशाला आणि उदगीरला अशी तीन दुकानं असली, की तिन्हीकडचं डेबुक एकत्र करावं लागतं. टॅली ते एक्सएमएलमध्ये बाहेर काढून देते. 1998 साली प्रमाण ठरलेलं हे रूप म्हणजे एकात एक बसणारे स्टीलचे डबे : नोंदीच्या पोटात खाती, खात्याच्या पोटात कोणत्या बिलापोटी किती रक्कम गेली त्याचा तपशील. उलट आपले डेटाबेस 1970 साली एडगर कॉड यांनी मांडलेल्या विचारावर चालतात : आडव्या ओळी, उभे रकाने, बस. एका पट्टीत, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीच्या हिशोबात, सोयाबीनचे तीन ढीग असतील तर त्या पट्टीच्या तीन ओळी होतात. पट्टीची एकूण रक्कम तिन्ही ओळींत उतरली आणि कुणी डोळे झाकून बेरीज मारली, तर शेठ कागदावर तिप्पट श्रीमंत.

यावर संगणकवाल्यांच्या दोन पळवाटा आहेत. पहिली, अख्खी एक्सएमएल उचलून एका रकान्यात टाकायची. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये 2005 पासून, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसच्या गाभ्यात 2008 पासून त्यासाठी वेगळा प्रकारच आहे. टाकायला दोन मिनिटं लागतात. पण पुढं प्रत्येक प्रश्नाला अख्खा गठ्ठा उसवावा लागतो. दुसरी, आपल्याला कळतील तेवढे रकाने काढायचे आणि फाइल पुसून टाकायची. मला दुसरीची जास्त भीती वाटते. पहिल्या वाटेनं उत्तर उशिरा मिळतं, दुसरीनं मिळतच नाही.

2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये होता आणि खरेदी केंद्रांवर 12 टक्क्यांपेक्षा जास्त ओलाव्याचा माल परत जात होता. नोव्हेंबरात केंद्र सरकारनं ती मर्यादा 15 टक्के केली. माझ्या ओळखीच्या एका आडत्यानं साधा प्रश्न विचारला : गेल्या काही वर्षांत आपल्याकडं 12 ते 15 च्या मधला माल किती आला? त्याचं सॉफ्टवेअर बाहेरगावच्या एका कंपनीनं केलं होतं. तारीख, नाव, वजन, भाव, रक्कम हे रकाने चकचकीत होते. नॅरेशन 'फालतू मजकूर' म्हणून गाळलेलं, आणि जागा वाचवायला मूळ फायलीही काढून टाकलेल्या. मुनीमजी चष्मा पुसत एवढंच म्हणाले, ''म्या तर रोज लिहायलोय की!''

मूळ दस्त कशाला लागेल, हे लिहिताना कुणालाच ठाऊक नसतं. मराठवाड्याला हे वेगळं सांगायला नको. 2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी निजामकाळातली उर्दू आणि मोडी दप्तरं उघडली गेली ती मराठा समाजाच्या दाखल्यांसाठी कुणबी नोंदी शोधायला. सारावसुलीसाठी लिहिलेल्या कागदाला पुढं असा प्रश्न विचारला जाईल, असं तो लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल. त्या दप्तरांतून कुणी आधीच 'कामाचे तेवढे' रकाने उतरवून कागद जाळले असते, तर?

म्हणून मी दुकानदारांना सांगतो, फाइल आली तशी ठेवा, एका अक्षराचाही बदल न करता. 'आली तशी' यावर माझा जोर आहे. एसक्यूएल सर्व्हरचा एक्सएमएल रकाना आशय जपतो, पण मोकळ्या जागा आणि गुणधर्मांचा क्रम जसाच्या तसा राखत नाही. आधारच्या ऑफलाइन ई-केवायसीसारख्या डिजिटल सही असलेल्या फायलीत एवढ्यानंही सही जुळेनाशी होऊ शकते. अशा फायली साध्या बाइटच्या रूपात ठेवाव्यात. जीएसटी कायद्यानं हिशोबाची दप्तरं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने जपायचीच आहेत; तेवढ्या काळाच्या डेबुकांना जागा लागून लागून किती लागणार?

आणि रकाने काढायचे ते विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपुरते. ते प्रश्न प्रोग्रामरला ठाऊक नसतात. ओलावा, कट्टे, गाडी या नोंदी भावावर आणि भांडणावर काय परिणाम करतात ते गादीवर बसलेल्या माणसाला कळतं. आमच्याकडं हा निर्णय तांत्रिक समजून मुनीमजींना चहा पाजून बाहेर बसवतात.

पुरणमल लाहोटी तंत्रनिकेतनातली आणि इथल्या इतर महाविद्यालयांतली पोरं दरवर्षी शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करतात. ग्रंथालयाचं नाही तर हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर, तेच ते. त्याऐवजी दिवाळीच्या आसपास, आवक जोरात असताना, आठवडाभर एखाद्या आडतीत मुनीमजींच्या शेजारी बसावं. नॅरेशनच्या जुन्या ओळी त्यांच्याकडून वाचून घ्याव्यात आणि रकान्यांची यादी त्यांच्या समोर करावी. यार्डातली चार दुकानं तरी त्यांना गादीवर जागा देतील, ते माझ्याकडं लागलं.