तीन अक्षरांची धाव

इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ कोणत्या शब्दाला असतील? एखादा भारदस्त, लांबलचक शब्द डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात हा मान ‘रन’ या तीन अक्षरांच्या शब्दाचा आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर सुमारे नऊ महिने या एका शब्दाला धरून बसले होते आणि नुसत्या क्रियापदाचे त्यांनी ६४५ अर्थ वेगळे काढले. त्याआधी, १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत, सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती.

या कोशाची रीत मला फार मोलाची वाटते. जेम्स मरे १८७९मध्ये त्याचे संपादक झाले आणि वाचकांनी पुस्तकांतून उतरवून पाठवलेल्या वाक्यांच्या चिठ्ठ्यांचे ढीग त्यांच्याकडे जमू लागले. पहिली आवृत्ती पुरी झाली १९२८मध्ये. मरे त्याआधीच, १९१५मध्ये गेले होते. कोणीतरी कुठेतरी तो शब्द तसा वापरलेला सापडला, तरच अर्थ कोशात येतो. म्हणजे ते ६४५ अर्थ विद्वानांनी घडवलेले नाहीत. ते खलाशांनी, गिरणीवाल्यांनी, व्यापाऱ्यांनी, स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी घडवले. संपादकाने ते ओळखले आणि लावून ठेवले.

मुळात पळतात ती माणसं आणि जनावरं. पण इंग्रजीत नदीही ‘रन’ करते, नाक वाहतं तेही ‘रन’, धुण्यात कपड्याचा रंग जातो तेही ‘रन’. अंगात ताप असला की माणूस तो ‘रन’ करतो. घरातलं दूध संपलं की आपण दुधातून ‘रन आउट’ झालो. एखादा आजार घराण्यात चालत आलेला असला, तर तो कुटुंबात ‘रन’ करतो. बँक बुडणार अशी आवई उठून ठेवीदारांची झुंबड उडाली, की तो बँकेवरचा ‘रन’. सप्टेंबर २००७मध्ये नॉर्दर्न रॉक या ब्रिटिश बँकेच्या दारांत तशा रांगा लागल्या होत्या. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीत ‘रन’ करतो. ब्रिटनमधला मात्र आपल्याकडच्यासारखा उभा राहतो.

या शब्दाला खरा जोर आला तो यंत्रांमुळे. वाफेचं इंजिन आलं, गिरण्या आल्या, आगगाड्या वेळापत्रकाने सुटू लागल्या. या सगळ्याला एक क्रियापद हवं होतं, आणि हे हाताशी होतं. पुढे कारखाना, हॉटेल, सरकार चालवणं त्यातच आलं. संगणक आल्यावर प्रोग्रॅमही ‘रन’ होऊ लागला. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, आणि तिच्याबद्दल आजही आपण ‘धावली’ असंच लिहितो. क्रिकेटमध्ये तर आपण ‘रन’ला सरळ ‘धाव’ केलं. चेंडू सीमेपार गेला की फलंदाज जागेवर उभा असतो आणि चार धावा जमा होतात. ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नाही, इतका तो शब्द मुरला आहे.

म्हणूनच शाळेच्या वहीतले ते दोन रकाने पाहून मला वाईट वाटतं. एका बाजूला ‘रन’, दुसऱ्या बाजूला ‘पळणे’. खाली ‘गेट – मिळणे’, ‘टेक – घेणे’. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. तिथलं मूल ‘युनिव्हर्सिटी’ पाठ करतं, कारण त्याचा अर्थ एकच. ते अडतं ‘रन’, ‘गेट’, ‘सेट’पाशी. वाहत्या नाकाचं वाक्य वाचून ते पळणारं नाक डोळ्यांसमोर आणतं. चूक त्याची नसते. आपण त्याला शब्द एकटा दिलेला असतो, त्याची सोबत दिलेली नसते. एका अर्थाऐवजी चार वाक्यं दिली, तर तेच मूल पाचवं वाक्य स्वतः ओळखेल. त्याच्या मराठीत हे रोज घडतंच.

कारण मराठीत ‘रन’चं बरंचसं काम ‘चालणे’ करतं. घड्याळ चालतं, दुकान चालतं, खटला चालतो, नाटक चालतं, कुणाचा हात चालतो तर कुणाचं डोकं. आणि जिथे ‘रन’ पोचत नाही, तिथेही हा शब्द जातो. ‘उद्या आलो तर चालेल?’ यात परवानगी आहे. ‘चालेल’ या उत्तरात होकार आहे, आणि किंचित तडजोडही आहे. ‘तुम्हाला कांदा-लसूण चालतो का?’ या प्रश्नात घराचा आचार आणि पाहुण्याचा मान दोन्ही सांभाळलेले असतात. दाते आणि कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले, तेव्हा ‘नेट चालत नाहीये’ किंवा ‘कार्ड चालेल का?’ म्हणायची कुणाला गरज नव्हती. उपासाला वरई चालते आणि दुकानात कार्ड चालतं, या दोन चालण्यांचं नातं काय, कुठलं आधीचं, कुठलं कशातून फुटलं, हे वाक्यं गोळा करून मांडायला मराठीलाही कुणीतरी नऊ महिने बसणारं हवं आहे. आणि त्या नऊ महिन्यांचा पगार देणारी संस्थाही.