ट्यूबच घे म्हणणाऱ्यांना

शनिवारी सकाळी दहाच्या आत मला फोन करणारा माणूस एक तर कर्ज विकणारा असतो नाही तर नातेवाईक. परवा मामेभाऊ निघाला. "दादा, पंचेचाळीस हजार साठलेत. ट्यूब अ‍ॅम्पच घेऊ ना? सगळे म्हणतात सॉलिड स्टेट म्हणजे पैसे पाण्यात."

पोराला नोकरी लागून आठ महिने झालेत. वाकडला टू बीएचकेमध्ये चौघं राहतात, हा हॉलमध्ये गादी टाकून झोपतो. दोन वर्षं गिटार वाजवतोय आणि बरी वाजवतो. त्याला या 'सगळ्यांनी' सांगून ठेवलंय की खरा आवाज काचेच्या ट्यूबमधूनच येतो, बाकी सगळी खेळणी.

या 'सगळ्यां'वर माझा राग आहे. कारण सरळ आहे, चार वर्षांपूर्वी मी त्यांच्यातलाच एक होतो.

माझा तेव्हाचा रूममेट नवीन गिटार घेऊन आला. अ‍ॅम्प कुठला घेऊ विचारायला लागला. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "घ्यायचा तर ट्यूब, नाही तर थांब." तो थांबला. चौदा महिने! तेवढे दिवस इलेक्ट्रिक गिटार अ‍ॅम्पशिवाय, नुसत्या तारांच्या टिणटिण आवाजात वाजवली. मग पंचावन्न हजारांना सेकंडहँड, चाळीस वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प आणला. दिसायला राजबिंडा. मागच्या जाळीतून ट्यूब लाल दिसायला लागल्या तेव्हा आम्ही दोघं अक्षरशः आरती केल्यासारखे उभे होतो.

व्हॉल्यूमचं बटण एकवर होतं तोवर ठीक. दीडवर खालच्या काकू वर आल्या. मग उरलेले सहा महिने ते बटण शून्य आणि एकच्या मध्ये. तिथे धड काही हातात येत नाही, केसभर फिरवलं की एक तर आवाज गायब नाही तर काकू हजर. शेवटी विकायला काढला. घेणाऱ्याने फोनवर विचारलं, जोरात वाजवल्यावर टोन कसा आहे? हा म्हणाला, "खरं सांगू का, मला माहीत नाही." मी शेजारीच बसलो होतो. त्यानंतर गिटारही कव्हरमध्ये गेली ती गेलीच.

माझी ट्यूब पेटली, पण उशिरा.

बरं, ज्यांना गिटारशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इलेक्ट्रिक गिटारमधून निघणारा सिग्नल अगदी क्षीण असतो, तो मोठा करून स्पीकर हलवायचं काम अ‍ॅम्पचं. मोठा करायचे दोन जुने मार्ग. एक म्हणजे काचेच्या ट्यूब, आजोबांच्या रेडिओत असायच्या त्याच जातीच्या, चालू केल्यावर तापेपर्यंत वाट बघायला लावणाऱ्या. दुसरा ट्रान्झिस्टर, जो डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्जमध्ये जन्मला आणि पुढे रेडिओ, टीव्ही, कंप्युटर सगळीकडून ट्यूबला हाकलून बसला. गिटारवाल्यांनी मात्र ट्यूब सोडली नाही.

आणि ते काही वेडे म्हणून नाही, हे आधीच कबूल करतो. ट्यूबला तिच्या ताकदीबाहेर दामटलं की ती एकदम हात वर करत नाही, हळूहळू वाकते. सिग्नलच्या लाटेचा माथा गोलसर होतो. साध्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये तोच माथा सुरीने कापल्यासारखा सपाट होतो आणि कानाला टोचतो. शिवाय ट्यूब अ‍ॅम्पमध्ये ताण वाढला की आतला पुरवठाही जरा दबतो, बोटाखाली एक लवचिकपणा जाणवतो. ज्याने हे एकदा अनुभवलंय तो विसरत नाही. मीही विसरलेलो नाही.

पण या सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे 'दामटलं'. दामटायचं म्हणजे जोरात वाजवायचं. आणि इथेच 'सगळे' गप्प बसतात.

आता थोडं गणित, कारण गणित केल्याशिवाय आमच्या जमातीचं समाधान होत नाही :) गिटार अ‍ॅम्पमधला बारा इंची स्पीकर एका वॉटला, एका मीटरवर, साधारण ९८ डेसिबल आवाज देतो. एका वॉटला! फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांशी संबंध टिकवून वाजवायचं तर सत्तर डेसिबलच्या आसपास राहावं लागतं, म्हणजे अठ्ठावीस डेसिबल खाली. दर दहा डेसिबलला पॉवर दहापटीने घटते, त्या हिशोबाने स्पीकरला जातात जेमतेम दीड ते दोन मिलीवॉट. चाळीस वॉटचे पैसे मोजले आणि वापरला त्याचा साधारण पंचवीस हजारावा भाग. ऑफिसात असं सर्व्हर सायझिंग केलं तर मॅनेजर घरी पाठवेल.

"मग एक वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प घे की!" घ्या ना. वरचा आकडा पुन्हा वाचा. एक वॉट दामटला की खोलीत ९८. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ आहे, रात्रीची ४५. नियम राहू दे, खालच्या काकूंची मर्यादा त्याहून कमी असते.

"मास्टर व्हॉल्यूम असतो ना!" असतो. त्याने पुढच्या छोट्या ट्यूब दामटता येतात, पण मागच्या पॉवर ट्यूब, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर झोपलेलेच राहतात. म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खर्च केला ते बसलंय पेन्शनीत. आणि जो भाग चालतो, त्याची नक्कल स्वस्तातलं सर्किटही चांगली करतं. वर कान आहेतच. आवाज कमी झाला की खर्ज आणि तार दोन्ही आपल्याला कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच ते मोजून दाखवलंय. रेकॉर्डवरचा तो भरदार आवाज पॉवर ट्यूब असूनसुद्धा कुजबुजीच्या पातळीवर भरदार लागत नाही.

मुळात हे अवाढव्य अ‍ॅम्प आले कुठून? मार्शलने शंभर वॉटचे अ‍ॅम्प बनवले ते १९६५ च्या सुमारास, द हू या बँडला आणखी आवाज हवा होता म्हणून. तेव्हा स्टेजवरची साउंड सिस्टीम गाणाऱ्यांनाच धड पुरायची नाही, गिटारवाल्याला हॉल आपल्याच अ‍ॅम्पने भरावा लागायचा. लंडनच्या त्या गरजेवरून वाकडच्या हॉलमधल्या गादीशेजारचा अ‍ॅम्प ठरवायचा, हे म्हणजे लग्नाच्या पंगतीच्या पातेल्यात एक कप चहा करण्यासारखं झालं.

मग येतं ते 'वॉर्मथ' प्रकरण. ट्यूब सम हार्मोनिक्स देते, ते कानाला गोड लागतात, ट्रान्झिस्टर विषम देतो, ते कडू. हे इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं जातं की समोरचा विचारतच नाही. या पुराव्यासाठी ज्याचं नाव घेतात तो रसेल हॅमचा १९७३ चा लेख स्टुडिओतल्या माइक प्रीअ‍ॅम्पवर आहे, गिटार अ‍ॅम्पवर नाही. आणि बहुतेक मोठ्या ट्यूब अ‍ॅम्पची पॉवर स्टेज पुश-पुल असते. तिच्यात सम हार्मोनिक्स एकमेकांना बऱ्याच प्रमाणात खोडून टाकतात. म्हणजे ज्या अ‍ॅम्पचं गुणगान चाललंय त्याचीच शेवटची पायरी तुमचे लाडके सम हार्मोनिक्स गाळते. थर्ड इयरचा विषय आहे हा, आपण सगळे पास झालोय त्यात (एटीकेटीवाले धरून).

आणि खेळणी म्हणता कशाला? बी. बी. किंग यांनी लॅब सीरिजचा एल-५ वापरला, तो सॉलिड स्टेट. रोलंडचा जेसी-१२० हा १९७५ पासूनचा, तोही सॉलिड स्टेट, आणि मेटॅलिकाच्या जेम्स हेटफिल्डने स्वच्छ आवाजासाठी तोच घेतला. पँटेराच्या डाइमबॅग डॅरेलचा तो करवतीसारखा टोन रँडलच्या ट्रान्झिस्टरमधून आलाय. कापलेला माथा टोचतो म्हणालो ना, त्याला तेच टोचणं हवं होतं. सगळ्यात गंमत आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमरची. नाव ट्यूब स्क्रीमर, आत एक ऑप-अ‍ॅम्प चिप आणि डायोड. ट्यूबचं नखसुद्धा नाही. स्टीव्ही रे वॉन ज्याच्या टोनसाठी पूजला जातो, त्याच्या अ‍ॅम्पच्या आधी हा डबा बसलेला असायचा.

सांभाळण्याबद्दल फार बोलत नाही. ट्यूब झिजतात, बदलाव्या लागतात. आज त्या मोजक्याच कारखान्यांत बनतात, मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये. मार्च २०२२ मध्ये रशियाच्या निर्यातबंदीची बातमी आली तेव्हा जगभरचे गिटारवाले ट्यूबचा साठा करत सुटले होते. आणि आत चारशे व्होल्टच्या आसपास खेळत असतात, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहू शकतात. पासोड्या विठोबाजवळून सोल्डरिंग गन आणली म्हणून आपण उघडून बघायची वस्तू ही नव्हे.

तर मग ट्यूब घेऊच नये का? घ्यावी की. ड्रमर असलेला बँड आहे, सरावाला बंद खोली आहे, महिन्यातून दोनदा तरी स्टेज मिळतं, तर पंधरा वॉटचा चांगला ट्यूब अ‍ॅम्प घ्या आणि कान उघडे ठेवून दामटा (खरं तर कानांत बोळे घालून). त्या दिवशी मीही ऐकायला येईन. माझं भांडण ट्यूबशी नाहीच. घर, पगार, शेजारी काहीही न विचारता "ट्यूबच घे, नाही तर थांब" सांगणाऱ्याशी आहे. थांबलेला माणूस वाजवत नसतो. वयाच्या बाविसाव्या वर्षी संध्याकाळी मिळणारा तासभर काही साठवून ठेवता येत नाही.

मामेभावाला एवढं सगळं ऐकवलं नाही. म्हटलं, दुकानात जा, हेडफोन लागतो का बघ, आणि घरी ज्या आवाजात वाजवणार त्याच आवाजात ऐकून घे.

रविवारी दोघंच गेलो. दुकानदाराने त्याच्या हातात गिटार दिली आणि अ‍ॅम्प सातवर नेला. भिंती हलल्या. याने बटण एकवर आणलं आणि खाली मान घालून वाजवायला लागला.

"अहो, एवढ्या हळू कोण ऐकणार?" दुकानदार म्हणाला.

"खालच्या मजल्यावरचे काका," मामेभाऊ म्हणाला, आणि शेजारचा तेरा हजारांचा सॉलिड स्टेट लावायला सांगितला.