पाणी जरा बेतानं!

मंडळी, आज थोडं कुंडीपुराण.

आमच्या दिवाणखान्यातली पीस लिली हिनं लावलेली. ही गेल्यापासून रोज सकाळी, चहाच्याही आधी, मी तिला तांब्याभर पाणी घालत आलो. शाळेत चाळीस मिनिटांच्या तासाची सवय. नेम मोडायचा नाही.

यंदा ऐन आषाढात पानांनी माना टाकल्या. मला वाटलं, तहानली असेल. पाणी वाढवलं. पानं पिवळी पडली. सूनबाई म्हणाली, "बाबा, टाकून द्या, दुसरं आणू." दुसरं मिळेल हो, पण ते हिच्या हातचं नसेल.

शेवटी कुंडी उपडी केली. मातीला कुबट वास, मुळं काळी आणि बुळबुळीत. मुळांनाही हवा लागते. माती सतत चिंब राहिली की ती गुदमरतात, मग बुरशीचं फावतं. सडलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानेनं कोमेजतं, आणि आपण वरून आणखी ओततो!

मुळं धुतली, स्पिरिटनं पुसलेल्या कात्रीनं सडका भाग कापला, पांढरी टणक मुळं तेवढी ठेवली. जुनी माती टाकून कोकोपीट आणि पर्लाइटच्या भुसभुशीत मिश्रणात, भोक असलेल्या लहानशा मातीच्या कुंडीत लावलं. आजाऱ्याला पक्वान्न नको, म्हणून खत दिलं नाही. उन्हापासून लांब ठेवलं.

तळाशी खडे घालावेत असं मीच वर्षानुवर्षं मुलांना सांगत आलो. तेही चूकच. बारीक मातीतलं पाणी मोठ्या खड्यांत सहज उतरत नाही, वरच अडून राहतं. भोकावर एक खापरी पुरे. बशीतलं पाणीही ओतून द्यावं.

माझं मत एवढंच, की पाणी घड्याळ बघून घालू नये, मातीला विचारून घालावं. बोट पेरभर खुपसावं. ओल लागली तर तांब्या खाली ठेवावा. खरं सांगायचं तर तो रोजचा तांब्या झाडासाठी नव्हताच, माझ्यासाठी होता.

महिन्याभरानं मधोमध एक हिरवी सुरळी दिसली. अजून उलगडली नाही. मी रोज सकाळी जातो, बोट लावून बघतो, आणि बहुतेक वेळा तसाच परत येऊन चहा टाकतो.